वाचकांचे प्रश्न : मुलांना लिंकन सांगताना

गेल्या अंकात मुलांच्या पानावर अमेरिकेचे सोळावे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या बालपणाची छोटी गोष्ट प्रसिद्ध झाली होती. ती वाचून मुलांनी, पालकांनी आणि शिक्षकांनी पाठविलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. ज्यांचा आशय एकच होता ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत जिन्याजवळ लिंकन यांनी आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले पत्र चौकटीत लावलेले आहे. दादा म्हणतो, ते पत्र लिंकन यांनी लिहिलेलेच नाही. बाई म्हणतात, लिहिले आहे. खरे काय? (इयत्ता सातवी, सांगली)

उत्तर : तुझ्या दादाचे म्हणणे बरोबर आहे. हे पत्र काव्यरूपात वाचत, स्नेहसंमेलनात म्हणत आणि निरोपसमारंभात ऐकत महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या, त्यामुळे हे उत्तर लिहिताना मलाही जड जात आहे. पण लिंकन यांची भाषणे, पत्रे, टिपणे, इतकेच काय, घाईत खरडलेल्या चिठ्ठ्यासुद्धा अभ्यासकांनी वर्षानुवर्षे जमविल्या आणि 1953 साली त्यांचे खंड प्रसिद्ध केले. त्यांत हे पत्र कोठेही नाही. त्याची मूळ हस्तलिखित प्रत कधी पुढे आलेली नाही आणि त्याची भाषाही लिंकन यांची वाटत नाही. पत्रातील विचार चांगले आहेत, मराठी रूप तर फारच सुंदर आहे, म्हणून ते भिंतीवरून काढण्याचे काही कारण नाही. खाली लिंकन यांचे नाव तेवढे असू नये.

तुझ्या बाईंना मात्र आणखी एक गोष्ट जरूर सांग. मुलांना लिहिलेली लिंकन यांची खरी पत्रे उपलब्ध आहेत, आणि माझ्या मते ती या पत्राहून अधिक मोलाची आहेत, कारण ती प्रत्यक्ष कोणा एका दुःखी मुलाला किंवा मुलीला धीर देण्यासाठी लिहिलेली आहेत. त्यांचा मोठा मुलगा रॉबर्ट 1859 साली हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेला बसला आणि सोळापैकी पंधरा विषयांत नापास झाला. पुढे ही गोष्ट रॉबर्टने स्वतःच सांगितली. मग एक वर्ष त्याने एक्झिटर येथील शाळेत तयारी केली आणि दुसऱ्या खेपेस त्याला प्रवेश मिळाला. त्याच वर्षी त्याच्याच गावचा, त्याच्याच बरोबर शिकणारा मित्र जॉर्ज लेथम मात्र नापास झाला. त्या वेळी लिंकन राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते, घरी माणसांची रीघ लागलेली होती. तरीही 22 जुलै 1860 रोजी त्यांनी या मुलाला सविस्तर पत्र लिहिले. तू नापास झाल्याचे कळले तेव्हा झाले तेवढे दुःख मला आयुष्यात क्वचितच झाले असेल, असे त्यांनी आरंभीच लिहिले आहे. पण निराशेला मनात शिरू दिले नाहीस तर यात विशेष काही बिघडलेले नाही. एकदा प्रयत्न आरंभला आहेस, तर तो तडीस गेलाच पाहिजे, आणि हा ‘च’ महत्त्वाचा आहे, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे आहे. नुसता उपदेश करून ते थांबत नाहीत. कॉलेजच्या प्रमुखांना भेट, नेमके कोठे अडले ते विचारून घे, आणि जी अडचण दूर होण्यासारखी असेल ती दूर करून पुन्हा प्रयत्न कर, असा व्यवहारी मार्गही ते दाखवितात.

दुसरे पत्र 23 डिसेंबर 1862 चे, फॅनी मॅककला या मुलीला लिहिलेले. तिचे वडील लिंकन यांचे जुने स्नेही होते आणि ते अमेरिकेतील यादवी युद्धात मारले गेले होते. फॅनी खोलीतून बाहेर येईना, जेवेना. लिंकन तिला लिहितात की, दुःख सर्वांच्याच वाट्याला येते, पण लहान वयात ते अवचित गाठते म्हणून अधिक जाळते. आज तुला पुन्हा कधी बरे वाटेल हे खरे वाटणार नाही, पण वाटेल, आणि हे मी अनुभवाने सांगतो. हा अनुभव कोणता ते लक्षात घे. नवव्या वर्षी त्यांची आई गेली होती, चार वर्षांचाही न झालेला मुलगा एडी 1850 साली गेला होता आणि त्याच 1862 च्या फेब्रुवारीत अकरा वर्षांचा विली तापाने गेला होता.

प्रश्न : लिंकन चुलीच्या उजेडात फळीवर कोळशाने लिहीत असत, ही गोष्ट आम्ही लहानपणी ऐकली. मुलांना ती सांगावी की ती दंतकथा आहे? (एक पालक, नाशिक)

उत्तर : अवश्य सांगावी, कारण तिचा गाभा खरा आहे. त्यांच्या सावत्र आईने 1865 साली सांगितलेल्या आठवणी लिहून ठेवलेल्या आहेत. वाचताना एखादा उतारा आवडला आणि जवळ कागद नसला, तर अब्राहम तो फळीवर लिहून ठेवीत, कागद मिळाला की त्यावर उतरवून घेत आणि मग पाठ करीत, असे तिने सांगितले आहे.

ही सावत्र आई मुलांना नीट ओळखीची व्हायला हवी, कारण आपल्या गोष्टींतील सावत्र आई सहसा छळणारीच असते. लिंकन यांचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 रोजी केंटकी राज्यात, ओंडके रचून बांधलेल्या एका खोलीच्या घरात झाला. ते सात वर्षांचे असताना कुटुंब इंडियाना राज्यात, दाट जंगलाच्या मुलखात जाऊन राहिले. तेथे 1818 साली त्यांची आई नॅन्सी एका विचित्र आजाराने गेली. रानात उगवणारे एक विषारी झुडूप गाई खात आणि त्यांच्या दुधातून ते विष माणसांच्या पोटात जाई. त्या काळी हे कारण लोकांना ठाऊकच नव्हते. वर्षभर बारा वर्षांची बहीण सारा घर सांभाळत होती. मग वडिलांनी सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केले. ती आपली तीन मुले घेऊन आली, आणि या दोन पोरक्या मुलांनाही तिने पोटच्या मुलांसारखेच वाढविले. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते, पण वाचत बसलेल्या मुलाला तिने कधी उठविले नाही. वडिलांना मात्र शेतात राबणारे हात हवे होते, आणि बापलेकांचे त्यावरून कधी फारसे जमले नाही.

शाळेत गेलेले सगळे दिवस एकत्र मोजले तरी एक वर्ष भरणार नाही, असे लिंकन यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आठव्या वर्षापासून हातात कुऱ्हाड होती आणि तेविसाव्या वर्षापर्यंत ती फारशी खाली ठेवली गेली नाही. पुस्तके उसनी आणावी लागत. शेजाऱ्याकडून आणलेले वॉशिंग्टन यांचे चरित्र पावसात भिजले, तेव्हा त्याची भरपाई म्हणून त्यांनी त्या शेजाऱ्याच्या शेतात मक्याची वैरण काढून दिली आणि ते पुस्तक स्वतःचे करून घेतले. पुढे इलिनॉय राज्यात न्यू सेलम या खेड्यात ते दुकानात नोकर होते, पोस्टमास्तर होते, जमीनमोजणी करीत होते. भागीदारीत काढलेले दुकान बुडाले आणि भागीदारही वारला, तेव्हा दोघांचेही कर्ज त्यांनी कित्येक वर्षे फेडले. कायदा त्यांनी कोणत्याही कॉलेजात न जाता पुस्तके वाचून शिकून घेतला आणि 1836 साली वकिलीची सनद मिळविली.

प्रश्न : लिंकन यांना दाढी आहे, पण मिशी का नाही? (इयत्ता तिसरी, रत्नागिरी)

उत्तर : मिशी का ठेवली नाही ते त्यांनी कोठे लिहून ठेवलेले नाही, पण दाढी का ठेवली याची गोष्ट तुझ्याच वयाच्या जवळपास असलेल्या मुलीची आहे. न्यूयॉर्क राज्यातील वेस्टफिल्ड गावी ग्रेस बेडेल नावाची अकरा वर्षांची मुलगी राहत होती. निवडणुकीच्या धामधुमीत वडिलांनी लिंकन यांचे चित्र घरी आणले. त्यांचा चेहरा तिला फार सुकलेला वाटला. तिने 15 ऑक्टोबर 1860 रोजी सरळ त्यांनाच पत्र लिहिले : तुम्ही दाढी वाढवा, तुम्हांला ती शोभून दिसेल, बायकांना दाढी आवडते, त्या आपापल्या नवऱ्यांना तुम्हांला मत द्यायला लावतील. त्या काळी तेथे बायकांना मताचा अधिकार नव्हता, म्हणून ही युक्ती. तुम्हांला माझ्याएवढी मुलगी आहे का, असेही तिने विचारले होते. चारच दिवसांनी लिंकन यांनी उत्तर पाठविले. मला मुलगी नाही याचे वाईट वाटते, तीन मुलगे आहेत, असे लिहून त्यांनी पुढे विचारले की, आजवर कधी दाढी ठेवली नाही, आता एकदम ठेवली तर लोक त्याला उगीचचा नखरा म्हणणार नाहीत का? वचन त्यांनी काही दिले नाही. पण 16 फेब्रुवारी 1861 रोजी राष्ट्राध्यक्षपद स्वीकारण्यासाठी ते आगगाडीने वॉशिंग्टनला निघाले असताना गाडी वेस्टफिल्डला थांबली, तेव्हा त्यांना दाढी आलेली होती. गर्दीत ग्रेस आहे का, असे त्यांनी विचारले आणि खाली उतरून तिची भेट घेतली.

प्रश्न : त्यांच्या उंच टोपीत कागद असत, हे खरे का? (इयत्ता पाचवी, पुणे)

उत्तर : खरे आहे. वकिली करताना पत्रे आणि महत्त्वाचे कागद ते टोपीच्या आतल्या बाजूस खोचून ठेवीत. उंची सहा फूट चार इंच, वर ही टोपी, त्यामुळे ते गर्दीत लांबूनच ओळखू येत. तुला यंत्रे आवडत असतील तर आणखी एक गोष्ट सांगतो. उथळ पाण्यात रुतलेली बोट हवेच्या पिशव्या फुगवून वर उचलण्याची युक्ती त्यांनी शोधली होती आणि 1849 साली तिचे पेटंट घेतले होते, क्रमांक 6469. पेटंट नावावर असलेले अमेरिकेचे ते एकमेव राष्ट्राध्यक्ष आहेत.

प्रश्न : पाठात ‘लिंकन यांनी गुलामगिरी नष्ट केली’ असे एकच वाक्य शिकवावे लागते. मुले विचारतात, ‘कशी? एका सहीने?’ थोडक्यात पण खरे उत्तर कसे द्यावे? (एक शिक्षिका, लातूर)

उत्तर : मुलांनी योग्य तोच प्रश्न विचारला आहे. याचे उत्तर फार थोडक्यात द्यायला गेलो तर ते खरे राहत नाही.

गुलामगिरी म्हणजे काय, येथून आरंभ करावा. 1860 साली अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत जवळजवळ 40 लाख कृष्णवर्णीय माणसे दुसऱ्याच्या मालकीची होती. त्यांनी वेचलेल्या कापसाचा पैसा मालकाचा, त्यांना झालेले मूलही मालकाचे. आईपासून मूल विकून टाकले तरी कायद्याला त्यात वावगे काही दिसत नसे. त्यांना वाचायला शिकविणे हाच अनेक राज्यांत गुन्हा होता. हे शेवटचे वाक्य वर्गात सांगून क्षणभर थांबावे, मुलांना ते लगेच कळते.

गुलामगिरी अन्यायाची आहे, असे लिंकन यांचे मत पहिल्यापासून होते. पण आहे तेथून ती काढून टाकण्याचा अधिकार राज्यघटना राष्ट्राध्यक्षाला देत नाही, असेही ते मानीत. त्यांचा आग्रह एवढाच होता की नव्या प्रदेशांत ती पसरू देऊ नये. एवढ्या आग्रहानेही दक्षिण खवळली. नोव्हेंबर 1860 च्या निवडणुकीत चार उमेदवार होते. लिंकन यांना जेमतेम 40 टक्के मते पडली, तरी ती त्यांना निवडून आणण्यास पुरेशी होती. त्यांनी 4 मार्च 1861 रोजी शपथ घेतली तोवर सात राज्ये फुटून निघाली होती. एप्रिलमध्ये सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, आणखी चार राज्ये फुटली आणि चार वर्षे चाललेल्या, सहा लाखांहून अधिक माणसांचा बळी घेणाऱ्या यादवी युद्धाला तोंड लागले.

आरंभी हे युद्ध देश एकसंध राखण्यासाठी होते, गुलामांच्या मुक्तीसाठी नव्हते. ऑगस्ट 1862 मध्येही लिंकन यांनी तसे उघड लिहिले. पण तोवर गुलाम स्वतःच मळे सोडून हजारोंनी उत्तरेच्या फौजांच्या छावण्यांकडे येऊ लागले होते, आणि त्यांना परत पाठवायचे की स्वतंत्र मानायचे, हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नव्हता. 1 जानेवारी 1863 रोजी लिंकन यांनी मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. सकाळपासून नववर्षाच्या भेटींत शेकडो लोकांशी हस्तांदोलन करून हात थरथरत होता, म्हणून ते क्षणभर थांबले. सहीत कंप दिसला तर पुढची पिढी म्हणेल की याचे मन कचरले होते, असे त्यांना वाटले.

तरीही या सहीने सगळे गुलाम मुक्त झाले नाहीत. जाहीरनामा बंडखोर प्रदेशांपुरताच होता. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझुरी ही राज्ये गुलाम बाळगूनही देशाशी एकनिष्ठ राहिली होती. त्यांना तो लागू नव्हता, कारण लिंकन यांनी तो सरसेनापती या नात्याने, शत्रूविरुद्धचा उपाय म्हणून काढला होता. त्याने दोन गोष्टी मात्र झाल्या. उत्तरेची फौज जिंकत जाईल तेथे स्वातंत्र्य येत गेले, आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात प्रवेश मिळाला; सुमारे 1 लाख 80 हजार कृष्णवर्णीय या फौजेत लढले. युद्ध संपल्यावर जाहीरनामा टिकेल की नाही, ही शंका लिंकन यांना होतीच. म्हणून त्यांनी तेराव्या घटनादुरुस्तीसाठी आपले सारे वजन खर्च केले. प्रतिनिधिगृहाने ती 31 जानेवारी 1865 रोजी मंजूर केली आणि पुरेशा राज्यांची संमती मिळून ती डिसेंबर 1865 मध्ये घटनेचा भाग झाली. तोपर्यंत लिंकन हयात नव्हते.

तेव्हा मुलांना असे सांगता येईल : एक सही, तिच्या आधी पळून येणारे गुलाम, तिच्यानंतर लढणारे सैनिक आणि शेवटी घटनेतील दुरुस्ती, इतके सगळे मिळून ते झाले.

प्रश्न : थोर माणसांच्या चुका मुलांना सांगाव्यात का? लिंकन यांच्या कोणत्या? (एक पालक, ठाणे)

उत्तर : सांगाव्यात. ऑगस्ट 1862 मध्ये लिंकन यांनी कृष्णवर्णीयांच्या एका शिष्टमंडळाला बोलावून, तुम्ही हा देश सोडून दुसरीकडे वसाहत करावी, हेच दोघांच्या हिताचे, असे सांगितले होते. ज्यांच्या कित्येक पिढ्या त्याच मातीत राबल्या त्यांना हे ऐकावे लागले. गुलामगिरीतून निसटून आलेले थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी त्यांच्यावर कडक टीका केली. पुढच्या वर्षी हेच डग्लस त्यांना भेटायला गेले आणि कृष्णवर्णीय सैनिकांना गोऱ्यांहून कमी पगार का, असे त्यांनी तोंडावर विचारले. लिंकन यांनी ऐकून घेतले. समान पगाराचा कायदा 1864 मध्ये झाला. आणि 11 एप्रिल 1865 रोजी केलेल्या आपल्या शेवटच्या जाहीर भाषणात, निदान शिकलेल्या आणि सैन्यात लढलेल्या कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार मिळावा, असे लिंकन म्हणाले. त्यांच्या मोठेपणाचा मला सर्वांत अधिक भावणारा पुरावा हाच आहे, की अडीच वर्षांपूर्वी ते जेथे उभे होते तेथे ते राहिले नाहीत.

प्रश्न : महाराष्ट्राशी या इतिहासाचा काही संबंध आहे का? (इयत्ता नववी, अकोला)

उत्तर : दोन संबंध आहेत, आणि पहिला तुझ्या वऱ्हाडच्या जिव्हाळ्याचा आहे. इंग्लंडच्या गिरण्या बहुतांशी अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसावर चालत. युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि गिरण्यांना कापूस मिळेना. मग हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशांचा पूर लोटला, शेअर्सचा सट्टा बोकाळला आणि 1865 साली युद्ध संपताच तो सारा डोलारा कोसळून अनेक जण धुळीस मिळाले.

दुसरा संबंध अधिक मोलाचा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडविण्याच्या कामी त्यांनी दाखविलेली उदारता आणि निरपेक्षता यांचे कौतुक म्हणून हे पुस्तक देत आहे, आणि माझे देशबांधव आपल्या शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवतील, अशी माझी आशा आहे, असा त्या अर्पणपत्रिकेचा आशय आहे. अर्पण एका राष्ट्राध्यक्षाला केलेले नाही, लोकांना केलेले आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. तेरावी घटनादुरुस्ती होऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती.

प्रश्न : लिंकन वारले तेव्हा त्यांच्या खिशात काय होते? आजोबा म्हणाले, मासिकाला विचार. (इयत्ता चौथी, पणजी)

उत्तर : 9 एप्रिल 1865 रोजी दक्षिणेचे सेनापती ली यांनी शरणागती पत्करली आणि युद्ध जवळजवळ संपले. लिंकन यांचे ते शेवटचे भाषण ऐकणाऱ्यांच्या गर्दीत जॉन विल्क्स बूथ नावाचा नट होता. कृष्णवर्णीयांना मत मिळणार, हे त्याला सहन झाले नाही. 14 एप्रिलच्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात लिंकन नाटक पाहत असताना त्याने मागून गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन वारले.

त्यांच्या खिशांतील वस्तू कुटुंबाने जपून ठेवल्या, आणि आता त्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. दोन चष्मे होते. त्यांपैकी एकाची काडी दोऱ्याने बांधून दुरुस्त केलेली होती. एक खिशातला चाकू, एक रुमाल, वर्तमानपत्रांतील काही कात्रणे आणि एक चामड्याचे पाकीट. पाकिटात नोट एकच होती, पाच डॉलरची, आणि तीही फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सरकारची, म्हणजे त्या दिवशी काहीही किंमत नसलेली. दहाच दिवसांपूर्वी, 4 एप्रिलला, लिंकन आपला धाकटा मुलगा टॅड याचा हात धरून दक्षिणेची पडलेली राजधानी रिचमंड येथे पायी फिरले होते. रस्त्यात नुकतीच मुक्त झालेली माणसे त्यांच्याभोवती गोळा झाली होती. टॅडचा त्या दिवशी बारावा वाढदिवस होता.